निष्ठा कशावर?

सेवानिवृत्तीच्या मानपत्रांत निष्ठा, इमान आणि खाल्ल्या मिठाला जागणं हे तिन्ही एकाच अर्थाने सर्रास वापरले जातात. मला ते पटत नाही. निष्ठा हा शब्द संस्कृत. 'नि' हा उपसर्ग आणि 'स्था' हा धातू, म्हणजे पाय रोवून उभं राहणं. त्यात धनी नाही, मालक नाही. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात ज्ञानयोग आणि कर्मयोग अशा दोन निष्ठा सांगितल्या आहेत; त्या जगण्याच्या रीती आहेत, कुणाची चाकरी नव्हे. इमान अरबीतून फारसीमार्गे आलं. मूळ अर्थ धर्मश्रद्धा. 'अमानत' त्याच कुळातला. मराठीत मात्र ते दिलेल्या शब्दाशी आणि सोपवलेल्या ठेवीशी जोडलं गेलं. म्हणून कुत्रा इमानी असतो, निष्ठावान नसतो. मिठाची गोष्ट उघड देण्याघेण्याची: अन्न खाल्लं, उपकार फेडायचे. फारसी वळणाचा 'निमकहलाल' हेच सांगतो.

कुणी म्हणेल, व्युत्पत्ती काय घेऊन बसलात, अर्थ लोक ठरवतात. कबूल. स्वामिनिष्ठा, पक्षनिष्ठा हे शब्द लोकांनीच रुजवले, ते आता कुणी उपटू शकत नाही. पण मग लोकांचंच बोलणं नीट ऐकू या. निष्ठा ढळते; इमान मात्र विकलं जातं. वस्तुनिष्ठ परीक्षण म्हणजे कुणाची भीड न बाळगता केलेलं परीक्षण; तिथे इमान बसवून पाहा, बसत नाही. बेइमान आणि नमकहराम या चक्क शिव्या आहेत, तर 'निष्ठाहीन' पुस्तकाबाहेर फारसा पडतच नाही. कारण इमान मोडलं की समोर फसवला गेलेला कुणीतरी असतो. निष्ठा ढळली तर माणूस आपल्याच जागेवरून हलतो. ही जाण व्याकरण न शिकलेल्या माणसालाही असते. इमान परकं म्हणून टाळा, असंही सांगितलं जातं. टाळून 'बेइमान'ला काय म्हणणार? कृतघ्न? तो उपकार विसरणारा, म्हणजे नमकहराम. बेइमानाने तुमचे उपकार घेतलेलेच असतात असं नाही.

तेव्हा मानपत्र लिहिताना 'कशावर?' हा प्रश्न आधी विचारा. उत्तर कामाचं किंवा तत्त्वाचं आलं तर निष्ठा लिहा. निवडणुकीच्या तोंडावर 'निष्ठावंतांवर अन्याय' असे मथळे झळकतात, तिथेही हाच प्रश्न विचारावा. बऱ्याचदा गोष्ट मिठाचीच निघते. आणि जन्मभर दुसऱ्यांचे पैसे मोजून एक पै इकडची तिकडे न करणाऱ्या रोखपालाला सरळ इमानदार म्हणा. त्यात निष्ठावंतापेक्षा तसूभरही कमीपणा नाही.