इलेक्ट्रॉनांचा जमाखर्च
(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



ओडिशातील जाजपूर जिल्ह्याचे सुकिंदा खोरे हे भारतातील क्रोमाइट खनिजाचे सर्वांत मोठे भांडार आहे. पोलादाला गंजापासून वाचविणारे क्रोमिअम या खनिजातून मिळते. त्याच खोऱ्यातील खाणींच्या पाण्यात मात्र विषारी क्रोमिअम आढळते. खडकात युगानुयुगे स्वस्थ बसलेले हे मूलद्रव्य पाण्यात घातक का व्हावे? अणू तोच आहे. त्याच्या केंद्रकातील २४ प्रोटॉनही तेच आहेत. बदलला आहे तो केवळ इलेक्ट्रॉनांचा हिशेब.

या हिशेबाचा पहिला धडा मिठात आहे. सोडिअमच्या अणूत ११ इलेक्ट्रॉन असतात व त्यांची मांडणी २, ८, १ अशी असते. क्लोरीनच्या १७ इलेक्ट्रॉनांची मांडणी २, ८, ७ अशी असते. सोडिअम बाहेरचा एक इलेक्ट्रॉन देतो, क्लोरीन तो घेतो आणि दोघांचेही बाह्य कवच आठांनी पूर्ण होते. इलेक्ट्रॉन देणे म्हणजे ऑक्सिडीकरण. घेणे म्हणजे क्षपण. देणारा असल्यावाचून घेणारा असू शकत नाही. म्हणून या दोन्ही क्रिया नेहमी जोडीनेच घडतात.

सर्वच संयुगांत व्यवहार इतका उघड नसतो. पुष्कळदा दोन अणूंची इलेक्ट्रॉनांत भागीदारी असते. अशा वेळी ज्याची ओढ अधिक, त्याच्या खाती ते जमा धरावेत, असा संकेत आहे. या संकेताने मिळणारी संख्या म्हणजे ऑक्सिडीकरण अंक. त्याचे नियम मोजकेच आहेत. मुक्त मूलद्रव्याचा अंक शून्य. ऑक्सिजनचा बहुधा उणे २, पण पेरॉक्साइडमध्ये उणे १. हायड्रोजनचा बहुधा अधिक १, पण धातूंच्या हायड्राइडमध्ये उणे १. उदासीन रेणूतील सर्व अंकांची बेरीज शून्य, आणि आयनात ती त्याच्या प्रभाराइतकी.

आता क्रोमाइट पाहावे. त्यात लोहाचा एक, क्रोमिअमचे दोन आणि ऑक्सिजनचे चार अणू असतात. ऑक्सिजनचे मिळून उणे ८. लोहाचे अधिक २ वजा करता क्रोमिअमच्या दोन अणूंच्या वाट्याला ६ येतात; म्हणजे प्रत्येकी अधिक ३. प्रयोगशाळेतील नारिंगी पोटॅशिअम डायक्रोमेटमध्ये पोटॅशिअमचे दोन, क्रोमिअमचे दोन व ऑक्सिजनचे सात अणू. उणे १४ मधून पोटॅशिअमचे अधिक २ वळते करता १२ उरतात. म्हणजे प्रत्येकी अधिक ६.

तीन आणि सहा यांतील हे अंतर कागदापुरते नाही. अधिक ३ अंकाचे क्रोमिअम पाण्यात सहसा विरघळत नाही व पेशीतही सहजी शिरत नाही. अधिक ६ अंकाच्या क्रोमेट आयनाची ठेवण सल्फेटसारखी असते. सल्फेटच्या वाटेनेच तो पेशीत प्रवेश करतो. आत त्याचे क्षपण होताना आनुवंशिक द्रव्याला इजा पोहोचते. कर्करोगाचे मूळ तेथे असू शकते. मातीतील मँगनीजची ऑक्साइडे अधिक ३ चे अधिक ६ करू शकतात, हे खाणीच्या परिसरात ध्यानी ठेवावे लागते.

उपायही याच वहीत आहे. दूषित पाण्यात फेरस सल्फेट घातले जाते. लोहाचा अंक अधिक २ वरून अधिक ३ होतो. म्हणजे तो एकच इलेक्ट्रॉन देतो. क्रोमिअमला सहावरून तिनावर येण्यास तीन हवेत. म्हणून क्रोमिअमच्या एका अणूमागे लोहाचे तीन अणू लागतात. मग पाण्याची आम्लता घालवली की क्रोमिअम गाळाच्या रूपाने खाली बसते. लोह कमी पडले तर विष पाण्यातच राहते. पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमिअमची भारतीय मर्यादा लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅम आहे. चुकीला तेथे फारसा वाव नाही.

उत्तरपत्रिकेत केवळ ‘अधिक ६’ लिहिणाऱ्याला गुण मिळतात. परंतु इलेक्ट्रॉन कोणी दिले, कोणी घेतले आणि बेरीज जुळली का, हे विचारणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती उद्या एखाद्या गावाचे पाणी निर्धास्तपणे सोपवता येईल. या शाळेतून असे विद्यार्थी घडोत, हीच सदिच्छा.