पाइनच्या सालीच्या गोळ्या : घेण्याआधी एवढं विचारा

(गणेशोत्सवातील आरोग्यविषयक व्याख्यानाचा मजकूर)



नोकरीसाठी नागपूर-पुण्याकडे किंवा परदेशात गेलेली मुलं सणाला घरी येताना आईबाबांसाठी ताकदीच्या गोळ्या आणतात. त्यांतच कधी पाइनच्या सालीच्या अर्काच्या गोळ्या असतात. "झाडाचीच साल आहे, अपाय काय होणार?" असं आपण म्हणतो. त्यावरच आज बोलायचं आहे.

हा पाइन फ्रान्सच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर वाढतो. त्याच्या सालीत प्रोसायनिडिन नावाची द्रव्यं असतात. 'पिक्नोजेनॉल' हे या अर्काचं प्रसिद्ध व्यापारी नाव. गंमत म्हणजे, मॅस्केलिए या फ्रेंच संशोधकाने १९४०च्या दशकात अशी द्रव्यं प्रथम मिळवली ती शेंगदाण्याच्या लाल सालीतून. आपण दाणे भाजून, चोळून, सुपात पाखडून उडवून देतो, तीच ही साल!

गुण किती? 'कॉक्रेन' या संस्थेने २०२० साली २७ चाचण्या तपासल्या. त्यांत दमा, मधुमेह, गुडघेदुखी असे १० जुनाट आजार होते. चाचण्या लहान होत्या, त्यामुळे गुण येतोच असं ठामपणे सांगता येत नाही, हा निष्कर्ष निघाला.

आता मुख्य गोष्ट. या अर्काने रक्त गोठण्याची क्रिया मंदावू शकते, साखर आणि रक्तदाब उतरू शकतो. म्हणून हृदयात स्टेंट बसवलेल्यांनी, ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफेरिन घेणाऱ्यांनी, तसंच साखरेची किंवा बीपीची औषधं चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो घेऊ नये. अवयव प्रत्यारोपण झालेल्यांनी आणि गरोदर व स्तनदा मातांनीही टाळावा. ऑपरेशन ठरलं असेल, तर निदान दोन आठवडे आधी बंद करावा आणि डॉक्टरांना तसं सांगावं. चक्कर, डोकेदुखी, पोटाची तक्रार किंवा तोंड आलं, तर गोळी थांबवावी.

विकत घेताना एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक आणि मुदत पाहा. 'औषधी वापरासाठी नाही' ही सूचना तर डब्यावरच छापलेली असते. मग तिच्या भरवशावर बीपीची किंवा साखरेची गोळी सोडायची कशी?

डॉक्टर विचारतात, "आणखी काही घेता का?" तेव्हा "काही नाही" म्हणू नका. ती बाटलीच पिशवीत घालून सोबत न्या आणि समोर ठेवा.

गणपती बाप्पा मोरया!