मेनू कुणासाठी? येणाऱ्यासाठी की समितीसाठी?

आजचा विषय ऐकायला बारीक वाटेल, पण साइट चालते की पडून राहते हे बऱ्याचदा इथेच ठरतं. विषय आहे साइटचा मेनू, आणि तो कोड न लिहिता, नुसतं ओढून-सोडून कसा बनवायचा.

उदाहरण खरं घेऊ. आमच्या तालुक्याच्या गावातल्या वाचनालयाची साइट मी वर्डप्रेसवर बांधत होते. मेनूत अकरा नावं होती. पहिलं 'अध्यक्षांचे मनोगत', दुसरं 'आमचे देणगीदार', तिसरं 'ग्रंथसंपदा'. अभ्यासिका नवव्या नंबरला! स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी पोरं मोबाइलवर साइट उघडायची, काही सापडायचं नाही, मग फोन करायची. फोनवर ग्रंथपाल मॅडम एकट्या. फोन लागला नाही की पोरगं दुसरीकडे जागा बघणार. म्हणजे वाचनालयाचा एक सभासद गेला.

मग सुरुवात कुठून करायची? एडिटर उघडून नाही. कागदापासून. मॅडमना मी एक वही दिली. आठवडाभर फोनवर लोक काय विचारतात, त्याच्या नुसत्या रेघा मारायच्या. चारच प्रश्न पुन्हा पुन्हा आले: किती ते किती उघडं असतं, अभ्यासिकेत जागा आहे का, सभासद व्हायला किती पैसे, आणि अमुक पुस्तक आहे का. मनोगताबद्दल एकही रेघ नाही.

आता एडिटर. वर्डप्रेसमध्ये मेनू स्वतः लावायची सोय २०१० साली ३.० आवृत्तीत आली. तो साधा यादीचा पडदा होता, जुन्या पद्धतीच्या थीममध्ये अजून तोच दिसतो. जानेवारी २०२२ मध्ये ५.९ आली आणि ब्लॉक थीम असेल तर अख्खं हेडर डोळ्यांसमोर बदलता येऊ लागलं. 'अपिअरन्स'मध्ये 'एडिटर' उघडा, हेडरवर टॅप करा, आत 'नॅव्हिगेशन' नावाचा ब्लॉक असतो.

इथे एक गंमत आहे. त्या ब्लॉकमध्ये बऱ्याचदा 'पेज लिस्ट' बसलेली असते. ती प्रसिद्ध केलेली सगळी पानं आपोआप दाखवते. आमची अकरा नावं अशीच जमली होती, कुणी मुद्दाम ठरवलेली नव्हती. तिच्यावरचं 'एडिट' दाबलं की प्रत्येक पान सुटी लिंक होतं. मग 'लिस्ट व्ह्यू' उघडून वर-खाली ओढा, नको ते काढा. घाबरू नका, मेनूतून लिंक काढली म्हणून पान पुसलं जात नाही.

नावही बदलता येतं. पानाचं शीर्षक 'ग्रंथसंपदा' राहू दे, मेनूत मी लिहिलं 'पुस्तकं शोधा'. मग 'अभ्यासिका', 'सभासद व्हा', 'वेळ आणि पत्ता'. शेवटी 'आमच्याविषयी', त्याच्या पोटात सबमेनू.

आता मोबाइल. तीन आडव्या रेघांचं ते चिन्ह माहितीये ना? ते नॉर्म कॉक्स यांनी १९८१ च्या झेरॉक्स स्टार संगणकासाठी काढलं होतं. इतकं जुनं आहे, तरी आमच्या आजोबा सभासदांना तो बटणाचा प्रकार आहे हे कळत नव्हतं. सेटिंगमध्ये चिन्ह बंद करता येतं, मग तिथे चक्क 'मेनू' असं अक्षरांत येतं. 'ओव्हरले'मध्ये तीन पर्याय असतात: बंद, मोबाइल, कायम. 'मोबाइल' ठेवलं तर पडदा ६०० पिक्सेलपेक्षा अरुंद झाला की मेनू मिटतो. म्हणून फोनचं बटण मी नॅव्हिगेशन ब्लॉकच्या बाहेर, हेडरमध्येच ठेवलं. ते कधी मिटत नाही. लिंकच्या जागी इंग्रजीत 'टेल', मग कोलन, मग नंबर टाकला की थेट डायलर उघडतो.

दोन गोष्टी अजून. सबमेनूला 'क्लिकवर उघडा' करा, कारण मोबाइलवर माउस फिरवणं हा प्रकारच नसतो. आणि लिंका चिकटून ठेवू नका. डब्ल्यूसीएजी २.२ या सुलभतेच्या नियमावलीत टॅप करायची जागा किमान २४ बाय २४ पिक्सेल सांगितली आहे. बोटासाठी मी त्याहून मोठीच ठेवते.

खरी अडचण तांत्रिक नव्हतीच. समितीच्या बैठकीत चिटणीस काका म्हणाले, "अगं, देणगीदारांमुळे वाचनालय चालतं. त्यांनाच खाली ढकलतेस?" त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. मी रेघांची वही पुढे ठेवली आणि म्हटलं, "काका, देणगीदारांनी पैसे दिले ते वाचकांसाठीच ना?" शेवटी ठरलं असं: देणगीदारांची नावं मुखपृष्ठावर ठळक, मनोगत 'आमच्याविषयी'च्या सबमेनूत, आणि वरचा मेनू वाचकाचा.

तुम्हाला गृहपाठ देते. तुमच्या दुकानाची, क्लासची, मंडळाची साइट असेल तर ती साइट कधीच न पाहिलेल्या माणसाच्या हातात मोबाइल द्या. "फी किती आहे ते शोध" एवढंच सांगा आणि गप्प बसा. बोट कुठे अडखळतं ते बघा. मेनू तिथेच बदलायचा आहे.

काय सापडलं ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!