मोटार घोडीवर चढवितांना



मोटारीखालीं निजून काम कसें करावें, हा विषय नभोवाणीवरील भाषणाला कांहींसा चमत्कारिक वाटेल; आणि तो एका निवृत्त शाळामास्तरानें निवडावा हें तर अधिकच चमत्कारिक. मी स्वतः मोटार चालवीत नाहीं. परंतु दोन वर्षांपूर्वीं अमेरिकेंत न्यू जर्सी राज्यांत माझ्या पुतण्याच्या घरीं चार महिने राहण्याचा योग आला, आणि तेथें एका रविवारीं सकाळीं माझ्या हातून जी चूक झाली, तिच्यामुळें या विषयाचा अभ्यास करणें मला भाग पडलें. ती चूक सांगण्यापूर्वीं गाडीची ओळख करून दिली पाहिजे.

गाडी माझ्दा एम्‌एक्स-५. ही दोन माणसांची, छप्पर मागें दुमडतां येणारी जपानी गाडी १९८९ सालीं शिकागो येथील मोटार-प्रदर्शनांत प्रथम लोकांपुढें आली. अमेरिकेंत तिला मियाटा म्हणतात. २०१६ सालीं या जातीची दहा लाखावी गाडी तयार झाली. आरंभींच्या गाड्यांचें वजन एक हजार किलोग्रॅमच्या आंतबाहेर. इंजिन पुढें, पण त्याचा जोर लागतो तो मागच्या चाकांना. ही गोष्ट श्रोत्यांनीं विशेष ध्यानांत ठेवावी. पुढचा सारा प्रकार तिच्यावरूनच घडला. पुतण्याची गाडी १९९० च्या सुमाराची, कोणा गृहस्थाकडून जुनी विकत घेतलेली. तिकडे कारागिराची मजुरी इतकी महाग कीं, तेल बदलणें, ब्रेकचे ठोकळे बदलणें, असलीं कामें पुष्कळ लोक स्वतःच करतात. सुटीच्या दिवशीं फिरावयास निघालें कीं, कोणाच्या ना कोणाच्या अंगणांत मोटारीखालून बाहेर आलेले दोन पाय दिसावयाचेच.

अशा गाड्यांची पहिली अडचण ही कीं, त्या जमिनीला अगदीं खेटून असतात. आपल्याकडील साध्या मोटारीखालीं जो जॅक सहज जातो, तो हिच्या नाकाखालीं शिरतच नाहीं. म्हणून एकतर मुद्दाम बुटका बनविलेला लांबट जॅक घ्यावा लागतो, अथवा दोन जाड फळ्या जमिनीवर मांडून त्यांवर गाडीचीं पुढचीं चाकें चढवावीं लागतात. दोन इंच उंची मिळाली कीं जॅकला वाट होते. मला ही फळ्यांची युक्ति फार आवडली. तिला पैसा लागत नाहीं.

जॅकचें तत्त्व आपल्या शाळेंतील मुलांना ठाऊक असतें. सतराव्या शतकांत पास्कल नांवाच्या फ्रेंच पंडितानें दाखवून दिलें कीं, कोंडलेल्या द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखा पोंचतो. लहान दट्ट्याचें क्षेत्रफळ १ चौरस सेंटिमीटर व मोठ्याचें १० असलें, तर लहानावर दिलेला ३० किलोग्रॅमचा भार मोठ्याखालीं ३०० किलोग्रॅम होऊन उभा राहतो. शिवाय जॅकचा लांब दांडा ही तरफ. तिचा गुणाकार वेगळाच. मात्र निसर्ग फुकट कांहीं देत नाहीं. लहान दट्ट्या दहा अंगुळें खालीं गेला तर मोठा एकच अंगूळ वर येतो. म्हणून दांडा पुनःपुन्हां दाबीत राहावें लागतें, आणि एखाद्या बारा वर्षांच्या मुलीलाहि गाडीचें एक टोक उचलतां येतें. हा चमत्कार पाहून माणूस जॅकवर विश्वास टाकतो, आणि तेथेंच फसतो.

कारण जॅक हें उचलण्याचें साधन आहे, धरून ठेवण्याचें नव्हे. वर चढलेली गाडी तेथें कशावर उभी असते? एका रबरी कड्यानें अडविलेल्या ओंजळभर तेलावर. झडपेंत वाळूचा एक कण अडकला, कडें जुनें होऊन चिरलें, तर तेल मागें फिरतें आणि गाडी खालीं येते. कधीं हळूहळू, कधीं एकदम. आणखी एक गोष्ट आहे, ती पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. या लांबट जॅकची भुजा सरळ वर न जातां वर्तुळाच्या कंसांत चढते. म्हणून तिच्या टोकावरची वाटी वर जातांना थोडी आडवीहि सरकते. गाडी तर जमिनीवरील चाकांनीं जागच्या जागीं धरलेली. तेव्हां जॅकनेंच आपल्या लहान चाकांवर सरकून घेतलें पाहिजे. फरशीच्या फटींत किंवा खडींत त्याचें चाक अडकलें कीं वाटी गाडीखालून घसरूं लागते. म्हणून गाडी चढत असतांना डोळा दांड्यावर न ठेवतां वाटीवर ठेवावा.

आतां त्या रविवारची हकीकत. पुतण्याला मागच्या दोन चाकांच्या मधोमध जो दंतचक्रांचा गोळा असतो, ज्याला डिफरन्शिअल म्हणतात, त्यांतील तेल बदलावयाचें होतें. गाडी उलटी आंत घेऊन उभी केली होती. तोंड रस्त्याकडे, आणि अंगण रस्त्याकडे किंचित् उतरतें. त्यानें जॅक त्या गोळ्याखालीं लावून मागची बाजू वर उचलली. मी स्टुलावर बसून पाहत होतों.

त्यापूर्वीं तो मला म्हणाला होता, "काका, पुढच्या चाकांना पाचरी लावूं का? माळ्यावर आहेत, काढाव्या लागतील."

मी म्हटलें, "अरे, हँडब्रेक ओढला आहेस, गिअरहि घातला आहेस. आणखी पाचरी कशाला? चहा निवतो आहे, आटप लवकर."

त्यानें माझें ऐकलें. गाडी वर चढल्यावर तो घोड्या आणावयास आंत गेला. मला तो गोळा पाहण्याची जिज्ञासा. मी चटईवर गुडघे टेकून, वांकून, मान गाडीखालीं घातली. चष्म्यावर धूळ उडाली म्हणून तो पुसण्यासाठीं मागें सरलों आणि उभा राहिलों. त्याच वेळीं गाडी चालूं लागली. फार नव्हे, हातभर. जॅकचीं चाकेंहि तिच्याबरोबर चाललीं होतीं. तीं फरशीच्या सांध्यांत अडखळलीं, जॅक कलंडला, आणि गाडीचा मागचा भाग धाडकन् खालीं बसला. जेथें माझी मान होती तेथें जमीन आणि लोखंड यांच्यामध्यें वीतभरहि जागा उरली नव्हती.

हँडब्रेक सुटला नव्हता. गिअरहि निघाला नव्हता. या गाडीचा हँडब्रेक मागच्या चाकांना धरतो. गिअरहि मागच्याच चाकांना अडवितो. तीं दोन्ही चाकें मीच हवेंत उचलूं दिलीं होतीं. जमिनीवर उरलीं तीं पुढचीं दोन चाकें, आणि त्यांना धरणारें कांहींहि नव्हतें. तीस वर्षें मीं मुलांना घर्षण शिकविलें. दोन पृष्ठभाग एकमेकांवर दाबले गेले नाहींत तर घर्षण नाहीं, हें वाक्य मीं किती वेळां फळ्यावर लिहिलें असेल! गांवाकडे आमचे वडील बैलगाडीच्या आंखाला वंगण घालण्यापूर्वीं दुसऱ्या चाकाला दोन्ही बाजूंनीं धोंडा लावल्याशिवाय हात पुढें करीत नसत. आणि त्यांना शाळा कशी ती ठाऊक नव्हती.

पुतण्या दोन हातांत दोन घोड्या घेऊन दारांत उभा होता. तो मला एक शब्दहि बोलला नाहीं. वडीलधाऱ्या माणसाला बोलावयाचें नाहीं ही आमच्या घरची रीत. त्या दिवशीं तो बोलला असता तर मला बरें वाटलें असतें.

पुढच्या रविवारीं आम्हीं तेंच काम पुन्हां केलें, आणि या वेळीं गाडीबरोबरचें पुस्तक आधीं वाचून. तें कसें केलें तें सांगतों. गाडी सपाट सिमेंटच्या जमिनीवर घेतली. डांबरी जमीन असेल, तर उन्हाळ्यांत घोडीचे पाय तींत रुततात. तेथें खालीं जाड फळी घालावी. चाकें काढावयाचीं असल्यास त्यांच्या चाक्या गाडी जमिनीवर असतांनाच थोड्या सैल करून घ्याव्या. लांब पान्याला हिसका देण्याचें काम गाडी अधांतरीं असतांना करूं नये. तो हिसका आडवा बसतो आणि घोडीला आडवा जोर सोसत नाहीं.

आम्हीं प्रथम पुढची बाजू उचलली, कारण तेव्हां मागचीं चाकें जमिनीवर असतात आणि हँडब्रेकचा खरा उपयोग होतो. तरीहि त्या चाकांना पुढून व मागून पाचरी ठोकल्या. जॅक लावला तो पुढच्या चाकांमधील आडव्या तुळईच्या मध्यावर. तिच्याजवळच इंजिनाच्या तेलाचें पात्र असतें. त्याचा पत्रा पातळ, त्याला जॅक लावला तर तें चेपतें. घोड्या लावल्या त्या दोन्ही बाजूंच्या उंबऱ्याखालीं. तेथें पत्र्याची एक उभी कड आहे आणि तिच्यावर दोन खांचा. त्या खांचांमधील जागा बळकट केलेली असते. दोन अंगुळें इकडे-तिकडे झालें तर पत्रा मुडपतो. मधें खांच पाडलेला रबरी ठोकळा ठेवला म्हणजे कड वांकत नाहीं.

घोडी म्हणजे काय हें ज्यांनीं पाहिलें नसेल त्यांच्यासाठीं सांगतों. चार पायांचा लोखंडी मनोरा, त्यांतून वर येणारा दांतेरी खांब, आणि दांतांत अडकणारा खिटा. तेल नाहीं, झडप नाहीं, लोखंडावर लोखंड. पण तेथेंहि डोळे मिटून चालत नाहीं. २०२० सालीं अमेरिकेंत एका विक्रेत्याला लाखों घोड्या परत मागवाव्या लागल्या, कारण खिटा दांतांत पुरता खोल बसत नव्हता. म्हणून भार टाकण्यापूर्वीं खिटा बसला कीं नाहीं तें वांकून पाहावें, आणि ज्या घोडीला खांबांतून आरपार जाणारी खीळ असते तीच पसंत करावी. जोडींतल्या दोन्ही घोड्या सारख्याच दांतावर असाव्या.

मग मागची बाजू, डिफरन्शिअलखालीं जॅक लावून. या वेळीं पुढचा भार घोड्यांवर असतो. मागचें टोक जसजसें वर जातें तसतशा पुढच्या घोड्या किंचित् कलतात. यासाठीं पुढची बाजू फार उंच नेऊं नये. खालीं निजावयास जेवढी जागा लागते तेवढीच उंची पुरे. घोडी जितकी उंच, तितका गुरुत्वमध्य वर, आणि तितकी कलण्याची भीति अधिक. चारही घोड्यांवर भार आल्यावर पुतण्यानें गाडीच्या कडेला दोन्ही हात लावून ती जोरानें हलवून पाहिली. पडावयाची असेल तर ती या वेळीं पडावी, कोणी खालीं गेल्यावर नव्हे. जॅक काढून न घेतां त्याची वाटी डिफरन्शिअलला नुसती टेकवून ठेवली, आणि काढलेलीं चाकें आडवीं करून उंबऱ्याखालीं सरकवलीं. सर्व फसलें तरी चाकाच्या रुंदीएवढी जागा राहते.

सर्वच गाड्यांना हीच कृति लागू पडेल असें समजूं नये. पोर्शे ९११ या जर्मन गाडीचें इंजिन मागच्या आंसाच्याहि मागें असतें. तिचा तोल निराळा आणि टेकू लावण्याच्या जागाहि निराळ्या. ज्या गाडीची असेल त्या गाडीचें पुस्तक पाहावें.

आपल्याकडे घोडीच्या जागीं विटा किंवा पोकळ सिमेंटचे ठोकळे रचण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणीं दिसते. माझ्या मतें ही सर्वांत वाईट. वीट भिंतींत हजारों किलोग्रॅम सोसते खरी, पण तेथें भार तिच्या सर्व पाठीवर पसरलेला असतो. पत्र्याच्या एका कडेचा भार एका रेषेवर आला कीं ती फुटते, आणि फुटण्यापूर्वीं कांहीं सूचना देत नाहीं. याउलट सागवानी ओंडके एकावर एक आडवे-उभे रचले तर लांकूड आधीं करकरतें, दबतें. घोड्या मिळतच नसतील तर लांकूड वापरावें, वीट कधींहि वापरूं नये.

उतरवितांना उलट क्रम. आधीं मागची बाजू, म्हणजे हँडब्रेक पुन्हां कामाला येतो, मग पुढची. जॅकची चावी केसभरच फिरवावी, नाहींतर गाडी आपटते. चाक्या शेवटच्या आवळावयाच्या त्या गाडी जमिनीवर आल्यावर, आणि एकीनंतर तिच्या समोरची, अशा क्रमानें. उतरल्यावर ही गाडी थोडा वेळ नेहमींपेक्षां उंच दिसते, कारण हवेंत लोंबलेलीं चाकें जमिनीवर आंतल्या बाजूस ओढलेलीं राहतात आणि टायरच्या घर्षणामुळें त्यांना लगेच पसरतां येत नाहीं. मला वाटलें कांहीं मोडलें. पुतण्यानें पाचरी काढल्या, गाडी दोन हात पुढें व दोन हात मागें ढकलली, आणि ती आपल्या मूळच्या उंचीवर बसली. पाचरी मात्र त्यानें पुन्हां माळ्यावर टाकल्या नाहींत. दाराच्या चौकटींत एक खिळा ठोकून त्याला त्या टांगल्या.