कुत्र्याची त्वचा आणि औषधी स्नान

निपाणीच्या बाजारपेठेत तंबाखूला मोठे मोल आहे. परंतु तिचा काढा कुत्र्याच्या अंगास लावणे म्हणजे औषधाच्या नावाने विष चोळणे होय. तंबाखूतील निकोटीन कातडीतून रक्तात उतरते आणि अंग चाटताना पोटातही जाते. गाडीचे जळके तेल फासण्याची चालही अशीच घातक आहे.

अंगाला ओशट वास, केसांत कोंड्याचे पापुद्रे आणि सतत खाजविणे, ही केवळ अस्वच्छतेची लक्षणे नव्हेत. निरोगी कुत्र्याची वरची त्वचा सुमारे 3 आठवड्यांनी नवी होते. या विकारात हा काळ पुष्कळच घटतो. मृत पेशी व तेल साचते आणि त्यावर मॅलासेझिया नावाची बुरशी पोसते. मुळाशी पिसवा, खरजेचे किडे, ॲलर्जी किंवा थायरॉइड ग्रंथीची मंदता असू शकते. म्हणून प्रथम पशुवैद्याकडून तपासणी करवावी.

मग त्यांच्या सल्ल्याने सौम्य औषधी शाम्पू आणावा: पापुद्र्यांसाठी गंधक व सॅलिसिलिक आम्लाचा, जंतूंसाठी क्लोरहेक्झिडीनचा. कोमट पाण्याने अंग भिजवून, डोळे जपून, फेस 10 मिनिटे राहू द्यावा. तो चाटू देऊ नये. नंतर भरपूर पाण्याने धुवावे. आरंभी बहुधा आठवड्यातून 2 वेळा असे स्नान पुरते. बेळगावकडील झडीच्या पावसात तर बोटांच्या बेचक्या आणि कान कोरडे करण्यास विसरू नये.

मुक्या जिवाला तक्रार सांगता येत नाही. त्याचे खाजविणे हीच त्याची तक्रार. ती वेळीच ऐकणे हा आपला धर्म आहे.