हुकलेले वर्ष कोठून आणावे?



घरातील आजी नातवाचे नाव विसरली की आपण 'म्हातारचळ' म्हणून सोडून देतो. परंतु १९०६ साली जर्मनीत डॉ. अल्झायमर यांनी एका मृत रुग्ण स्त्रीच्या मेंदूतील विकृती दाखवून दिली. ही व्याधीच आहे. २०२३ साली अमेरिकेत पूर्ण मान्यता मिळालेले लेकानेमॅब हे औषध तिची गती थोडी मंद करते. ती बरी करीत नाही. तरीही २०२५ साली तेथील सरकारने राष्ट्रीय आरोग्य संस्थांचा निधी सुमारे ४० टक्क्यांनी कमी करण्याचे सुचविले. या संशोधनात त्याच माणसांची स्मरणशक्ती वर्षानुवर्षे तपासावी लागते. विरजण संपले तर शेजारणीकडून आणता येते. हुकलेले वर्ष कोठून आणावे? औषध कोठेही निघो, आपल्या आजीलाही ते हवेच आहे.