युरियाच्या गोणीतील वीज
(जालना येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पाऊस लागून कपाशी आणि मका गुडघ्याला आली, की अंबड, घनसावंगी, परतूर, भोकरदन या तालुक्यांतील शेतकरी खताच्या दुकानापुढे उभा राहतो. त्याला हवी असते युरियाची गोणी. पुष्कळदा तिच्यासोबत नको असलेली दुसरी एखादी बाटली वा पिशवी त्याच्या गळ्यात मारली जाते. या व्यवहाराला बाजारात ‘लिंकिंग’ म्हणतात. त्याविरुद्ध आवाज उठवणे आवश्यकच आहे. परंतु ही गोणी मुळात कशातून तयार होते आणि उद्या ती कोण तयार करणार, हा प्रश्न आपल्या निवेदनांत सहसा येत नाही. वस्तुतः लढ्याचे मूळ तेथेच आहे.

युरियात शेकडा ४६ भाग नायट्रोजन असतो. हवेत तर तो शेकडा ७८ भाग आहे. परंतु त्याचे दोन अणू परस्परांना इतके घट्ट बिलगलेले असतात, की पिकाला त्याचा थेट उपयोग नाही. १९०९ साली फ्रिट्झ हाबर या जर्मन शास्त्रज्ञाने हवेतील नायट्रोजन आणि हायड्रोजन यांच्यापासून अमोनिया करून दाखवला. कार्ल बॉश याने ती कृती कारखान्यात उतरवली आणि १९१३ साली ओपाऊ येथे उत्पादन सुरू झाले. लोहाचा उत्प्रेरक, चारशे ते पाचशे अंश उष्णता आणि हवेच्या शेकडो पट दाब, असा हा मामला आहे. लागणारा हायड्रोजन आज मुख्यतः नैसर्गिक वायू व कोळसा यांतून काढतात. वायूचा मार्ग त्यातल्या त्यात स्वच्छ. तरीही टनभर अमोनियामागे जवळजवळ दोन टन कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो.

महाराष्ट्रात तुर्भे आणि थळ येथे हेच काम राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स हा १९७८ साली स्थापन झालेला सार्वजनिक उद्योग करतो. देशातील खत कारखान्यांना लागणाऱ्या वायूचा मोठा भाग परदेशातून येतो. म्हणून २०२२ साली युक्रेनमध्ये युद्ध पेटताच त्याची झळ दिल्लीच्या अंदाजपत्रकाला लागली आणि २०२२-२३ या वर्षी खतांवरील अनुदान सुमारे अडीच लाख कोटी रुपयांवर गेले. शेतकऱ्याला ४५ किलोंची गोणी २४२ रुपयांना मिळते; कर व कडुनिंबाच्या लेपाचा खर्च तेवढा वेगळा. उरलेला भार जनतेच्या तिजोरीवर पडतो.

यावर उपाय म्हणून आज विजेचे नाव घेतले जाते. सूर्याच्या वा वाऱ्याच्या विजेने पाण्याचे विघटन करावे, हायड्रोजन मिळवावा आणि त्यापासून अमोनिया करावा, अशी ही कल्पना आहे. ती नवी नाही. नॉर्वेत १९०५ पासून जलविद्युतेच्या ठिणगीने हवेतील नायट्रोजन बांधून खत केले जात होते. हाबरच्या स्वस्त पद्धतीपुढे ते टिकले नाही. आपल्या देशातही नांगल येथील कारखाना १९६१ साली भाक्रा धरणाच्या विजेने पाणी फोडून खत करू लागला. पुढे त्या विजेवर इतरांचेही हक्क उभे राहिले, आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस तेथे इंधन तेलावर चालणारी यंत्रणा आली. अशा रीतीने दोन्ही ठिकाणी निर्णायक ठरली ती विजेची किंमत. रसायनशास्त्राचा त्यात दोष नव्हता.

हाच हिशोब आज जालन्याच्या गोणीला लावून पाहावा. एका गोणीत सुमारे २१ किलो नायट्रोजन असतो. त्यासाठी सुमारे साडेपंचवीस किलो अमोनिया लागतो. किलोभर अमोनियाला या मार्गाने दहा युनिटांच्या आसपास वीज लागते, म्हणजे एका गोणीत अडीचशे युनिट वीज भरलेली असेल. युनिटला केवळ चार रुपये धरले तरी विजेचेच हजार रुपये झाले. उलट, हायड्रोजनसाठी प्रत्यक्ष फोडावे लागणारे पाणी गोणीमागे चाळीस लिटरच आहे. शुद्धीकरण आणि थंडाव्यासाठी त्याच्या काही पट अधिक लागेल. २०१२-१३ च्या दुष्काळात मोसंबीच्या बागा वाळताना पाहिलेल्या जिल्ह्यात पाण्याची शंका प्रथम निघणे स्वाभाविक आहे. पण खरी अडचण विजेची आहे. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: युरियाला कार्बनही लागतो. तो वायूच्या कारखान्यात आपोआप मिळतो, विजेच्या कारखान्यात बाहेरून आणावा लागेल.

म्हणूनच शास्त्रज्ञ अशा उत्प्रेरकाच्या शोधात आहेत, की ज्याच्या साहाय्याने साध्या उष्णतेत, साध्या दाबात, विजेच्या जोरावर नायट्रोजनापासून थेट अमोनिया व्हावा. तुरीच्या मुळांवरील गाठींतले जिवाणू हे काम रोज करतात. त्यांचा उत्प्रेरक लोह आणि मॉलिब्डेनम यांचाच असतो. प्रयोगशाळांना मात्र ते अजून साधलेले नाही. निघणारा अमोनिया इतका अल्प असतो, की तो हवेतून वा उपकरणांतून आलेली भेसळ आहे की खरे उत्पादन, हेच ठरत नसे. २०१९ साली या तपासणीचे कडक नियम सुचवले गेले, तेव्हा पूर्वीच्या अनेक दाव्यांविषयी शंका निर्माण झाली.

दुसरा मार्ग अधिक सुकर आहे. नायट्रेट हे नायट्रोजनापेक्षा सहज फुटते. तांब्यासारख्या उत्प्रेरकावर विजेने त्याचा अमोनिया होतो. कारखान्यांच्या नायट्रेटयुक्त सांडपाण्यासाठी ही पद्धत उद्या उपयोगी पडू शकेल. मग विहिरींतील नायट्रेटचे काय? केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात, ज्या जिल्ह्यांत हे प्रमाण विशेष आढळले त्यांत बुलढाणा, बीड आणि जळगाव आहेत. हे तिन्ही जालन्याचे शेजारी. पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. तेवढ्या पाण्यातून एका गोणीचा नायट्रोजन काढायचा, तर वीस लाख लिटर पाणी उपसावे लागेल. म्हणजे विहीर ही खताची खाण नव्हे.

परंतु या हिशोबाची दुसरी बाजू शेतकऱ्याच्या हिताची आहे. विहिरीत नायट्रेट लिटरला १०० मिलिग्रॅम असेल आणि एकराला पाच सेंटिमीटर पाणी दिले, तर प्रत्येक पाळीबरोबर साडेचार किलो नायट्रोजन शेतात जातो. पाच पाळ्यांत एक गोणी झाली! त्यातला काही भाग झिरपून जाईल हे खरे. तरी युरियाची मात्रा तेवढी कमी करता येईल. आज त्याच पाण्यावर आणखी गोणी टाकली जाते, ती झिरपून पुन्हा विहिरीत उतरते, आणि तेच पाणी गावातली लेकरे पितात. पाणी तपासण्याला नवा उत्प्रेरक लागत नाही.

आता मालकीचा प्रश्न. २०२५ साली केंद्राने खत कारखान्यांसाठी वर्षाला ७ लाख २४ हजार टन हरित अमोनियाचे लिलाव केले. पहिल्या लिलावात किलोला ५५ रुपये ७५ पैसे दर निघाला. म्हणजे गोणीभर नायट्रोजनाचा नुसता अमोनियाच चौदाशे रुपयांचा. हा फरक भरणार सरकार, आणि उत्पादन राहणार प्रामुख्याने खाजगी कंपन्यांकडे. वायूवरील परावलंबन जाऊन त्या जागी मूठभर वीज-मालकांवरील परावलंबन आले, तर शेतकऱ्याने काय मिळवले?

जालना हे बियाण्यांचे आणि पोलादाचे गाव. येथील भट्ट्या विजेवर पोलाद वितळवतात, आणि रात्री-अपरात्री मोटार चालू करायला जाणारा शेतकरी विजेचे मोल त्यांच्याइतकेच जाणतो. रसायन तंत्रज्ञान संस्थेचे मराठवाडा केंद्र २०१८ पासून येथे आहे, खरपुडीचे कृषी विज्ञान केंद्र त्याहून जुने आहे. ज्ञानाची साधने हाताशी असताना मागण्या मोघम राहू नयेत. दिवसा होणाऱ्या सौर विजेवर पहिला हक्क शेतीपंपाचा असावा. हरित अमोनियासाठी सार्वजनिक पैसा जाणार असेल, तर सार्वजनिक खत कारखान्यांना त्यात अग्रस्थान असावे आणि संशोधनाचे फळ सर्वांना खुले राहावे. प्रत्येक गावच्या विहिरींचे नायट्रेट दरवर्षी मोजून ग्रामसभेत फलकावर लिहिले जावे.

यांपैकी शेवटची मागणी दिल्लीपर्यंत जाण्याची वाट पाहत नाही. तिची सुरुवात येत्या ग्रामसभेत करता येईल.